ईएमडीआर थेरपी सुरू करायचीय? पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत काय काय होतं

अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू, पूर, आग, जिवावर बेतलेलं बाळंतपण, असं काही होऊन गेल्यावर वर्ष-दोन वर्षं उलटली तरी ते आत्ताच घडतंय असं अंगावर येत राहतं, अशा लोकांसाठी ईएमडीआर नावाची एक थेरपी आहे. पूर्ण नाव आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. थेरपिस्ट बोटं डावी-उजवीकडे हलवतात, तुम्ही डोळ्यांनी ती बोटं बघत राहायचं आणि त्याच वेळी ती आठवण मनात धरायची. एवढंच ऐकलं की कुणी म्हणतं हे काय भलतंच, आणि कुणी म्हणतं मग काय, एका दिवसात मोकळे. दोन्ही खरं नाही.

मी ही थेरपी पुण्यात घेतली. खंबाटकी घाटात पावसात आमच्या गाडीला मागून कंटेनरची धडक बसली होती, हाड जुळलं, टाके निघाले, पण वायपरचा आवाज ऐकला तरी छाती आवळायची आणि हायवेवर मागच्या सीटवर बसूनसुद्धा मी सारखी मागे वळून बघायचे. तेव्हा मराठीत नीट माहिती शोधली तर फार काही हाती लागलं नाही, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. पेशंटच्या खुर्चीत बसून जे कळलं आणि नंतर जे वाचलं ते सांगतेय, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: डोळे हलवणं हा या थेरपीतला छोटा भाग आहे. त्याच्या आधी जी तयारी होते ती खरी. ती नीट झाली तर पुढचं सगळं झेपतं, आणि ती घाईत उरकली तर त्रास वाढू शकतो. खालचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

१. आधी हे समजून घ्या की हे आलं कुठून

अमेरिकेतल्या फ्रान्सिन शपिरो या मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ साली बागेत चालताना जाणवलं की त्रासदायक विचार येत असताना डोळे भराभर इकडे-तिकडे हलले की त्या विचाराची धार कमी होते. तिथून त्यांनी पद्धत बांधली, १९८९ मध्ये पहिला अभ्यास छापून आला, पुढे त्याचे आठ टप्पे ठरले. २०१९ मध्ये त्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी म्हणजे आघातानंतरच्या ताणाच्या आजारासाठी दोन थेरपींची नावं घेतली, आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. आपल्याकडे २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर परदेशी प्रशिक्षक गुजरातमध्ये आले होते, त्यांनी इथल्या थेरपिस्टना शिकवलं, तिथून भारतात ही पद्धत पसरायला मोठी मदत झाली.

हे चालतं कसं यावर अजून वाद आहेत आणि ते तुम्हाला माहीत असलेले बरे. एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं की आपल्या मनाची एका वेळी काम करायची जागा मर्यादित असते, आठवण धरायची आणि बोटंही बघायची म्हटल्यावर दोन्हीला जागा पुरत नाही, त्यामुळे आठवणीतलं चित्र फिकट होतं आणि फिकट झालेलंच परत साठवलं जातं. काही संशोधक म्हणतात डोळ्यांची गरजच नाही, आठवणीला सुरक्षित जागी सामोरं जाणं हेच औषध. मला पेशंट म्हणून या वादाने फरक पडला नाही, पण कुणी तुम्हाला "मेंदूचे दोन भाग जोडले जातात, सिद्ध झालंय" असं छातीठोक सांगत असेल तर तेवढं सिद्ध झालेलं नाही.

२. ही थेरपी आपल्यासाठी आहे का ते तपासून घ्या

घटना होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील आणि झोप उडाली असेल, दचकायला होत असेल, तर ते बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप कमी होत जातं. महिन्याच्या पुढे गेलं, फ्लॅशबॅक येताहेत म्हणजे ते परत आत्ताच घडतंय असं होतंय, स्वप्नं पडताहेत, त्या रस्त्याने त्या माणसांत त्या जागी जाणं तुम्ही टाळताय, सारखं सावध राहून मान-खांदे दुखताहेत, चिडचिड होतेय, तर मात्र दाखवायला हवं.

पहिली भेट सायकॅट्रिस्टची घ्या असं मी सांगेन. सगळंच पीटीएसडी नसतं, डिप्रेशन असू शकतं, थायरॉइड असू शकतो, डोक्याला मार लागला असेल तर त्याचं वेगळं असतं. खासगी परवडत नसेल तर पुण्यात ससून, मुंबईत केईएम अशा सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी असते, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. "मनोरुग्णालय" या शब्दाला बिचकून घरी बसू नका, तिथल्या ओपीडीत रोज साधी नोकरी-संसार करणारी माणसं येतात. या ठिकाणी ईएमडीआर मिळेलच असं नाही, पण निदान आणि औषध मिळतं आणि ते आधी लागतं.

खालचं काही असेल तर थेरपिस्टला पहिल्याच फोनवर सांगा, लपवू नका:

- फिट येतात किंवा पूर्वी येऊन गेल्यात
- डोळ्याचं ऑपरेशन, पडद्याचा त्रास, डोळे हलवले की दुखणं, तीव्र मायग्रेन
- दिवस गेलेत
- मधेच सुन्न होऊन जाणं, वेळ कुठे गेला कळत नाही, स्वतःकडे बाहेरून बघतोय असं वाटणं
- जीव द्यायचे विचार, स्वतःला इजा करणं
- रोजचं दारूचं प्रमाण, झोपेच्या गोळ्या

यातल्या बहुतेक गोष्टींमुळे थेरपी नाकारली जात नाही. डोळ्यांऐवजी तळहातावर टॅपिंग किंवा हेडफोनमधून डावी-उजवीकडे टोन असं करता येतं, तयारीचा काळ वाढवता येतो. पण त्यांना माहीतच नसेल तर ते काय करणार.

जीव नकोसा वाटतोय अशी अवस्था असेल तर थेरपिस्ट शोधत बसू नका, टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

३. थेरपिस्ट शोधताना हे प्रश्न विचाराच

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. "ट्रॉमा थेरपी करतो" असं प्रोफाइलवर कुणीही लिहू शकतं. मी ज्यांच्याकडे आधी चौकशी केली तिथल्या एकांनी फोनवरच सांगितलं की पहिल्याच दिवशी आय मूव्हमेंट करू, दोन-तीन वेळेत होऊन जाईल. मी गेले नाही, आणि तुम्हीही अशा ठिकाणी जाऊ नका.

फोनवर किंवा पहिल्या भेटीत शांतपणे विचारा:

- तुमचं मूळ शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांच्याकडे आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, मागितला तर राग यायचं कारण नाही. सायकॅट्रिस्ट असतील तर ते एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर, त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते.
- ईएमडीआरचं बेसिक ट्रेनिंग पूर्ण झालंय का? सगळे भाग झालेत का, आणि त्यानंतर सिनियरकडे कन्सल्टेशन घेतलंय का? एका दिवसाची वर्कशॉप म्हणजे ट्रेनिंग नाही. ईएमडीआर इंडिया आणि ईएमडीआर एशिया अशा संघटना आहेत, त्यांची मान्यता असलेल्या प्रशिक्षकाकडे शिकलात का हे सरळ विचारा.
- माझ्यासारख्या केसेस घेतल्यात का? अपघात आणि लहानपणची वर्षानुवर्षं झालेली छळणूक यांचं काम सारखं नसतं.
- सेशन मराठीत होईल का?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, त्याला मी फार महत्त्व देते. इंग्रजीत मी ऑफिसचं सगळं करते पण घाबरलेल्या क्षणी तोंडातून "आई गं" च येतं, आणि थेरपीत नेमकं तिथेच जायचं असतं. थेरपिस्टला मराठी बोलता येत नसेल तरी कळत असेल तर चालतं, तुम्ही तुमच्या भाषेत बोला.

आणि एक, बाई हवी की पुरुष हवा हे तुम्हाला वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा. त्यात अपमान वगैरे काही नाही.

४. फी आणि वेळेचं आधी बोलून घ्या

ईएमडीआरचं सेशन साधारण ६० ते ९० मिनिटांचं असतं. काही जण ५० मिनिटांची फी सांगतात आणि मग ९० मिनिटांचे जास्त लावतात, म्हणून "मोठ्या सेशनचे किती" हे वेगळं विचारा. मला पुण्यात ज्या फी सांगितल्या गेल्या त्यात दुपटी-तिपटीचा फरक होता, आणि महाग म्हणजे चांगला असं अजिबात दिसलं नाही. बरेच थेरपिस्ट परिस्थिती बघून फी कमी करतात पण ते विचारावं लागतं.

किती सेशन्स लागतील? ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ च्या सूचनांत मोठ्या माणसांसाठी साधारण ८ ते १२ धरलीत, एकाहून जास्त आघात असतील तर आणखी. एकच अपघात असेल तर कमीतही होतं. लहानपणापासूनचं असेल तर नुसती तयारीच काही महिने चालू शकते, आणि ते चालू द्यावं.

इन्शुरन्सचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचंय, पण आपल्या नेहमीच्या पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, ओपीडीतल्या सेशनची फी त्यात बहुतेकदा बसत नाही. ऑफिसच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते एचआरला विचारा आणि प्रत्येक वेळी रजिस्ट्रेशन नंबर असलेली पावती घेऊन ठेवा.

५. कागदपत्रं आणि सोबत न्यायच्या वस्तू

एका फाइलमध्ये लावून ठेवा:

- हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, डोक्याला मार असेल तर सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट
- चालू औषधांची चिठ्ठी, डोससकट
- आधीच्या काउन्सेलरची काही नोंद असेल तर ती
- अडीअडचणीला फोन करायचा तर घरच्या कुणाचा करायचा ते नाव आणि नंबर
- पोलीस केस किंवा कोर्टाचं काही चालू असेल तर वकिलांचा नंबर

पहिल्या भेटीत संमतीपत्रावर सही घेतात. वाचून सही करा. गोपनीयतेचं काय, नोंदी कुठे ठेवतात, जिवाला धोका दिसला तर कुणाला कळवतात हे त्यात असतं.

सोबत पाण्याची बाटली, रुमाल, एक छोटी वही आणि एसीत थंडी वाजत असेल तर ओढणी किंवा शाल. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा घाला, डोळे कोरडे पडतात. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर बोटं काचेच्या कडेला गेली की धूसर दिसतात, तसं सांगा, ते अंतर बदलतात.

६. कोर्टात साक्ष बाकी असेल तर थांबा आणि विचारा

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, थेरपिस्टनी स्वतःहून विचारलं म्हणून कळलं. थेरपीनंतर आठवणीतलं चित्र फिकट होऊ शकतं, भावना ओसरतात, तपशील वेगळे वाटू शकतात. अपघाताचा नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालू असेल, किंवा अत्याचाराच्या केसमध्ये तुमची साक्ष व्हायचीय, तर उलटतपासणीत हा मुद्दा निघू शकतो. याचा अर्थ थेरपी घ्यायचीच नाही असा नाही, न्याय मिळेपर्यंत वर्षानुवर्षं सोसत बसा असं कुणी म्हणू नये. फक्त आधी वकिलांशी बोला, जे आठवतंय ते तारखेसकट लिहून ठेवा, जबाब झाला नसेल तर तो देऊन घ्या, मग सुरू करा.

याचीच दुसरी बाजू. सेशनमध्ये कधी नवीनच काहीतरी डोळ्यासमोर येतं. ते खरंच घडलं होतं असं धरून चालू नका, घडलंच नाही असंही नको. ईएमडीआर हे सत्य शोधायचं यंत्र नाही. "तुमच्यावर लहानपणी काहीतरी झालंय, आपण ते बाहेर काढू" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

७. पहिली काही सेशन्स: बोटं हलणार नाहीत आणि ते बरोबर आहे

आठ टप्प्यांतला पहिला टप्पा माहिती घेण्याचा आणि दुसरा तयारीचा. पहिल्यात तुमचा इतिहास विचारतात, घटनेचा सगळा तपशील सांगावा लागत नाही, नुसती शीर्षकं सांगितली तरी चालतात. मला याचं फार बरं वाटलं कारण पोलीस, विमावाले, नातेवाईक यांना तेच तेच सांगून मी थकले होते. अत्याचार सोसलेल्यांसाठी तर ही मोठी गोष्ट आहे, काय झालं ते शब्दांत न सांगताही काम होऊ शकतं.

तयारीत साधारण हे शिकवतात:

शांत जागा. अशी एक जागा मनात उभी करायची जिथे तुम्हाला निवांत वाटतं. घाई करू नका. मी आधी समुद्रकिनारा म्हटलं कारण सगळे तेच म्हणतात असं वाटलं, पण माझी खरी जागा निघाली मामाच्या घरची मागची पडवी, दुपारी तिथली शहाबादी फरशी गार लागायची. तो गारवा पावलांना जाणवेपर्यंत आम्ही त्यावर वेळ घालवला. जागेत कुणी माणूस नको असं सांगतात, माणसं आली की त्यांच्याबरोबर बाकीचंही येतं.

बंद पेटी. सेशन संपताना जे अर्धवट राहिलं ते पेटीत ठेवायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत कुलूप. ऐकायला पोरकट वाटतं, खरंच उपयोगी आहे.

थांबायची खूण. हात वर केला की थेरपिस्ट लगेच थांबणार. ही खूण एकदा करून बघा, ते खरंच थांबतात का बघा. ज्याच्या अंगावर एकदा त्याच्या मर्जीविरुद्ध काही घडलंय त्याच्यासाठी ही खूण शोभेची नसते.

बटरफ्लाय हग. हात छातीवर फुलीसारखे ठेवून खांद्याखाली आळीपाळीने हळूहळू थोपटायचं. मेक्सिकोत १९९७ च्या चक्रीवादळानंतर तिथल्या मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्तिगास यांनी ही पद्धत काढली. घरी मन शांत करायला हे चालतं, पण मोठी आठवण काढून एकट्याने थोपटत बसू नका.

हे सगळं जमतंय का ते बघूनच थेरपिस्ट पुढे जातात. तुम्हाला वाटेल पैसे देऊन नुसता श्वासच घेतोय, कधी सुरू होणार. हेच सुरू झालेलं असतं.

८. टार्गेट ठरवणं

तिसऱ्या टप्प्यात एक आठवण निवडतात आणि तिचे तुकडे नीट मांडतात. प्रश्न ठरलेले असतात:

त्यातलं सगळ्यात वाईट चित्र कुठलं? माझं धडकेचं नव्हतं. धडकेनंतर काच फुटलेली, गाडी आडवी, आणि वायपर तसाच चालू, फुटक्या काचेवर खर्रर्र घासत. ते चित्र.

ते बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? "भीती वाटते" हे उत्तर नाही, ती भावना झाली. "माझ्या हातात काहीच नाही", "माझीच चूक होती", "मी मरणार", असं स्वतःबद्दलचं वाक्य लागतं. हे शोधायला वेळ लागतो.

त्याऐवजी काय वाटायला हवंय? "ते संपलंय, मी आत्ता सुरक्षित आहे." हे वाक्य १ ते ७ मध्ये किती खरं वाटतं ते विचारतात. डोक्याला पटतं का हे नको, आतून किती वाटतं ते सांगायचं. सुरुवातीला १ किंवा २ आलं तरी घाबरू नका.

मग भावना कुठली, त्रास ० ते १० मध्ये किती, आणि शरीरात कुठे. शरीराचं उत्तर टाळू नका. छाती, घसा, पोट, जबडा, जिथे असेल ते बोट ठेवून दाखवा.

आकडे थेरपिस्टला खूश करायला सांगू नका. सहा असेल तर सहा.

९. डोळ्यांचं काम प्रत्यक्षात कसं होतं

हा चौथा टप्पा. खुर्च्या समोरासमोर नसतात, थोड्या तिरक्या असतात, त्यांचा खांदा तुमच्या खांद्याच्या पुढून जाईल अशा. दोन बोटं जोडून तुमच्या नजरेच्या उंचीवर ते हात डावी-उजवीकडे नेतात, साधारण पंचवीस-तीस फेऱ्यांचा एक सेट, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. डोकं हलवायचं नाही, फक्त डोळे. काही ठिकाणी पट्टीवरचा दिवा सरकतो. सेट संपला की म्हणतात, सोडून द्या, श्वास घ्या, आता काय येतंय? तुम्ही एक-दोन वाक्यांत सांगायचं, ते म्हणतात त्याच्यासोबत राहा, की पुढचा सेट. समजावणं नाही, सल्ला नाही, लांब चर्चा नाही. मला आधी सांगितलं होतं की रेल्वेच्या खिडकीत बसलोय असं समजा, बाहेरचं दिसेल ते जाऊ द्या, उतरायचं नाही.

काय येतं? काहीही. पहिल्या सेट्सना माझी छाती जड झाली आणि कूलंटचा गोडसर वास आला, खरंच नाकात आला. मग एकदम लहानपणी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बाकावर एकटीला बसवून सगळे आत गेले होते ते आलं, ज्याचा घाटाशी काही संबंध नाही असं मला वाटलं, पण "माझ्या हातात काहीच नाही" हे वाक्य तिथलंच होतं. मग रडू. मग बराच वेळ काहीच नाही. आणि शेवटी एका सेटनंतर मी म्हटलं, वायपर चालू आहे पण बाजूच्या ट्रकवाल्या दादांनी दार ओढून मला बाहेर घेतलंय. ते तर घडलंच होतं, दार त्यांनीच उघडलं होतं, पण फ्लॅशबॅकमध्ये ते कधीच यायचं नाही, फ्लॅशबॅक नेहमी वायपरवर थांबायचा.

इथे काही सूचना:

- योग्य-अयोग्य येतंय का बघू नका. हसू आलं, जांभई आली, उद्याच्या भाजीचा विचार आला तरी तेच सांगा.
- "काहीच येत नाही" हेही उत्तर आहे.
- तेच तेच फिरून येत असेल तर सांगा, ते वेग बदलतात, दिशा बदलतात, किंवा एखादा छोटा प्रश्न टाकून वाट मोकळी करतात.
- हातपाय बधिर झाले, खोली लांब गेल्यासारखी वाटली तर लगेच हात वर. शूरपणा दाखवायचा नाही.

त्रासाचा आकडा ० किंवा त्याच्या जवळ आला की पाचव्या टप्प्यात ते चांगलं वाक्य आठवणीला जोडून पक्कं करतात, सहाव्यात डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासतात की कुठे काही अडकलंय का. एकाच दिवसात इथपर्यंत पोचालच असं नाही. अर्धवट राहिलं तर पेटी, शांत जागा, आणि सातवा टप्पा म्हणजे सेशन नीट बंद करणं. तुम्ही थरथरत असताना "वेळ संपली" म्हणून उठवणारा थेरपिस्ट चालणार नाही, शेवटची दहा-पंधरा मिनिटं यासाठी राखलेली असावी लागतात.

१०. घरी गेल्यावर

सेशननंतर लगेच गाडी चालवू नका. टू-व्हीलर तर नाहीच. रिक्षा करा नाहीतर कुणाला न्यायला बोलवा. त्या दिवशी ऑफिसची मीटिंग, लग्नकार्य, पाहुणे काही ठेवू नका, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा वार घ्या. खूप थकवा येतो, भूक लागते, झोप येते.

पुढचे दोन-तीन दिवस विचित्र स्वप्नं, जुन्या आठवणी, विनाकारण रडू किंवा चिडचिड येऊ शकते. आठवणीचं काम सेशननंतरही चालू राहतं, त्यामुळे हे होतं, बहुतेक वेळा ओसरतं. वहीत दोन ओळी लिहा: कशामुळे आलं, काय दिसलं, काय वाटलं, शरीरात कुठे, किती आकडा. खोदत बसू नका, लिहा आणि वही बंद. पुढच्या भेटीत आठवा टप्पा म्हणजे मागचं तपासणं, ते या वहीवरूनच होतं.

चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. दोन सेशनने बरं वाटायला लागलं की लगेच गोळी बंद करायची हा मोह होतो, सायकॅट्रिस्टला विचारल्याशिवाय नाही. त्या रात्री दारू नको.

आणि मोबाइलवर ते ठिपका इकडून तिकडे सरकणारे व्हिडिओ असतात, ते लावून घरी एकट्याने ट्रॉमावर काम करू नका. उघडायला कुणालाही येतं, बंद करायला समोर शिकलेलं माणूस लागतं.

११. घरच्यांना काय सांगायचं

घरचे म्हणणार जुनं कशाला उकरून काढतेस, देवाची कृपा म्हणून वाचलीस, विसर आता. ते मायेपोटीच म्हणतात. त्यांना इतकंच सांगा: विसरता येत नाहीये म्हणूनच जातेय, आणि दोन दिवस मी गप्प असेन, मला काय झालं ते विचारू नका, जेवायला वाढा आणि सोबत बसा. माझ्या आईला एवढं सांगितल्यावर तिने खरंच काही विचारलं नाही, वरण-भात कालवून पुढे ठेवायची. तपशील कुणालाही द्यायचं बंधन तुमच्यावर नाही, नवऱ्यालाही नाही, सासूबाईंनाही नाही.

त्रास देणारा माणूस घरातलाच असेल आणि अजून त्याच घरात राहावं लागत असेल तर हे थेरपिस्टला पहिल्या दिवशी सांगा. धोका चालू असताना मन सावध राहतं ते बरोबरच असतं, तिथे आधी सुरक्षिततेचा बंदोबस्त, आठवणींचं काम नंतर.

१२. ऑनलाइन घेणार असाल तर

जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा परदेशात राहणाऱ्यांना मराठी बोलणारा थेरपिस्ट जवळ मिळणं अवघड, त्यामुळे बरेच जण ऑनलाइन घेतात आणि ते होतं. स्क्रीनवर ठिपका बघायचा किंवा स्वतः थोपटायचं. पण लॅपटॉप हवा, मोबाइलच्या स्क्रीनवर डोळे पुरेसे फिरत नाहीत. हेडफोन, चार्जर, नेट गेलं तर काय करायचं ते आधी ठरलेलं, आणि घरात दुसऱ्या खोलीत एक मोठं माणूस. वन बीएचकेमध्ये चार जण राहत असतील तर ती दीड तासाची खोली मागून घ्यावी लागते, मुलांना शेजारी पाठवा, टीव्ही लावून ठेवा म्हणजे आवाज बाहेर जात नाही. सुन्न होण्याचा त्रास जास्त असेल तर मात्र प्रत्यक्ष जाऊनच घ्या.

१३. कधी थांबायचं, कधी बदलायचं

जुनी आठवण निवली म्हणजे काम संपलं असं नसतं. त्यानंतर सध्याचे ट्रिगर घेतात, माझ्यासाठी वायपर आणि मागून येणारा मोठा हॉर्न, आणि मग पुढचं, म्हणजे पावसात गाडीत बसायचंय असं मनात चालवून बघणं. हे दोन भाग राहून गेले तर त्रास परत डोकं वर काढू शकतो, म्हणून "आठवणीचं झालं, आता येऊ नका" असं लगेच होऊ देऊ नका. शेवटी महिन्याने एक आणि त्यानंतर एखादी फॉलोअपची तारीख घेऊन ठेवा.

आठवण पुसली जात नाही. मला अपघात आठवतो, वायपर आठवतो, आता ते मागे घडून गेलेलं वाटतं.

काही सेशन्स होऊनही आकडा हलत नसेल तर ते स्पष्ट बोला. कदाचित टार्गेट चुकीचं असेल, तयारी कमी पडली असेल, किंवा तुमच्यासाठी आघातावर केंद्रित सीबीटी जास्त योग्य असेल, तिलाही तितकाच आधार आहे. आणि थेरपिस्ट तुम्हाला दटावत असेल, थांबायची खूण पाळत नसेल, सेशनबाहेर नको तितकी जवळीक दाखवत असेल तर दुसऱ्या सेशनची वाट बघू नका, बदला. नवीन ठिकाणी जाताना शक्य असेल तर जुन्यांकडून झालेल्या टार्गेटची यादी आणि कुठपर्यंत आलो होतो हे एका कागदावर लिहून घ्या, म्हणजे सगळं परत पहिल्यापासून सांगायला लागत नाही.